तोळाभराची गोळी

सोन्याचा तोळा पूर्वी गावागणिक बदलायचा. १८३३ साली कंपनी सरकारने तो एकदाचा १८० ग्रेनांवर पक्का केला. आज सराफाकडे तोळा म्हणजे सरळ दहा ग्रॅम धरतात, आणि ग्रेन हे माप आपल्या व्यवहारातून कधीच उठून गेलं आहे. ते टिकून राहिलं आहे बंदुकीच्या जगात. हजार यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर, पालथं पडून नेम धरणाऱ्या नेमबाजांची एक लाडकी गोळी आहे. सात मिलिमीटर जाडीची, निमुळत्या नाकाची. तिचं वजन १८० ग्रेन. कंपनी सरकारचा पुरा एक तोळा.

आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, हे कोष्टक आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ असे. त्या हिशेबाने एक गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त भरते. जुन्या सराफाचा हात गुंजेपाशी किंवा फार तर तिच्या अंशापाशी थांबायचा. या नेमबाजांचा तिथून पुढे सुरू होतो. ते बंदुकीची दारू मोजतात ती ग्रेनच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत. गुंजेचे नव्वदएक भाग करावेत आणि त्यातला एक उचलावा, इतकं बारीक. ही दारू म्हणजे करड्या रंगाचे, लांबट, कातरलेले दाणे. त्यातला एक दाणा काट्यावर टाकला की आकडा हलतो. हलला की समाधानाने मान डोलवणारी माणसं जगात आहेत, आणि गेले काही महिने मी त्यांच्याविषयी वाचतो आहे. मला स्वतःला बंदुकीत रस नव्हता. रस निर्माण झाला तो या माणसांत.

ती करतात काय, तर आपलं काडतूस आपणच भरतात. काडतुसाचे भाग चारच. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर गोळी जाते, दारू जळते, प्रायमर खर्ची पडतो. पुंगळी तेवढी हातात उरते. ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर बसवायचा, दारू घालायची, गोळी बसवायची. एवढं सोपं. पण गोळी पुंगळीच्या मानेत किती घट्ट धरली जावी, नळीतल्या आट्यांपासून तिचं नाक किती अंतरावर असावं, ती पुंगळीच्या मध्यरेषेत सरळ बसली की केसभर कलली, या प्रत्येक प्रश्नाला एक हत्यार आहे, एक पंथ आहे आणि त्या पंथाचे भांडखोर अनुयायी आहेत.

आपल्याकडे हा छंद घरात करता येत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली काडतूस बनवायलाही परवाना लागतो. तरी हाताने बार भरणं आपल्याला अगदीच परकं नाही. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्यावर दिलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर छरे सोडायचे आणि गजाने ठासायचं. तिथे माप असतं ते हाताला झालेल्या सवयीचं. आणि ते पुरतं, कारण रानडुकराला शेतातून हुसकून लावायचं आहे, त्याच्या डाव्या कानातला एक केस उडवायचा नाही. अचूकपणाची गरज कामावरून ठरते, असं आपण मानतो. या मंडळींनी ते उलटं केलं आहे. अचूकपणा आधी, मग त्याला शोभेल असं काम शोधायचं. म्हणून निशाण हजार यार्डांवर नेलं. तिथे दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं, आणि त्याच्या पोटात आणखी एक, पाच इंचांचं. बरोबरी झाली तर निवाडा करायला.

सुरुवात मात्र अचूकपणातून झाली नाही, टंचाईतून झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टनने एक साचा केला. त्यात पॉइंट टू-टूच्या उडवून टाकलेल्या पुंगळ्या दाबायच्या आणि त्यांचंच आवरण करून नव्या गोळ्या पाडायच्या. त्यातून उभी राहिलेली आरसीबीएस ही कंपनी आजही काडतूस भरायची हत्यारं विकते. युद्ध संपलं तेव्हा सरकारकडे दारूचे डोंगर पडून होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडनने ती शिलकी दारू विकत घेतली आणि डब्यांत भरून शिकाऱ्यांना विकायला काढली. वीस मिलिमीटरच्या तोफांसाठी केलेली दारू अशी हरणाच्या शिकारीला लागली. आज त्याच घराण्याच्या नावाने विकली जाणारी, दूरच्या नेमबाजीत सर्वांत लाडकी दारू ऑस्ट्रेलियातल्या मुलवाला नावाच्या गावी बनते. पुंगळी फिनलंडची. गोळी अमेरिकेची. हाताने भरलेलं काडतूस म्हणून जे दाखवतात त्यात हाताचं असतं ते फक्त जुळवणं. पण स्वयंपाकीण तरी तांदूळ कुठे पिकवते?

पुंगळीचं पितळ ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त. या पितळाच्या इतिहासात एक पान आपल्या पावसाळ्याचंही आहे. इंग्रजांच्या फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळाभर ठेवली की त्यांच्या पुंगळ्यांना आपोआप तडे जात. कोणी हात लावला नाही, बार उडवला नाही, तरी तडा. ऋतूबरोबर येणारा रोग म्हणून इंग्रजीत त्याला नावही ऋतूचंच पडलं. कारण पुढे १९२१ साली मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलगडलं. काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत पितळाला भिडे आणि जिथे घडवताना धातूत ताण राहून गेलेला असे तिथे त्याला फाडत जाई. उपाय दोन: पितळ घडवून झाल्यावर तापवून त्यातला ताण काढायचा, आणि अमोनियापासून ते दूर ठेवायचं. हजार यार्डांवाले आज नेमकं हेच करतात. चार-सहा वेळा उडवलेली पुंगळी मानेशी ताठर होते, गोळीला कधी घट्ट धरते, कधी सैल. मग तिची मान ज्योतीवर किंवा विजेच्या वेटोळ्यात क्षणभर धरून नरम करतात. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर ठोकून ठोकून ताठरलेलं भांडं पुन्हा भट्टीत सरकवतो, त्याच कारणाने. ताण लपून बसतो, हे धातूकाम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तो कुठे फुटेल, हे तबेला ठरवतो.

पुंगळीपाठोपाठ वेगाचा विचार येतो. गोळी नळीतून किती वेगाने सुटते हे कळल्याशिवाय ती हजार यार्डांवर किती खाली उतरेल ते सांगता येत नाही. हा वेग पहिल्यांदा धडपणे मोजला तो बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने युक्ती सांगितली: जड लाकडी फळी लोलकासारखी टांगायची, तिच्यावर गोळी झाडायची आणि फळी किती मागे झुलली त्यावरून वेग काढायचा. तोवर हवेचा विरोध फारसा धरण्याजोगा नाही असं मोठमोठ्यांचं मत होतं. रॉबिन्सने दाखवलं की तो भलताच मोठा असतो. ऑयलरसारख्या गणितज्ञाने त्याचा ग्रंथ जर्मनमध्ये नेला, वर स्वतःची टिपणं जोडली. आणि हा रॉबिन्स शेवटी कुठे आला? ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन मद्रासच्या किनाऱ्यावर, किल्ल्यांची डागडुजी करायला. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तो वारला. गोळीचा वेग पहिल्यांदा अचूक सांगणारा माणूस आपल्या मातीत विसावला आहे, हे मला परवापरवापर्यंत माहीत नव्हतं.

रॉबिन्सच्या फळीच्या जागी आता तळहाताएवढं रडार आलं आहे. ते बंदुकीशेजारी ठेवलं की प्रत्येक गोळीचा वेग पडद्यावर उमटतो. सेकंदाला २७०० फुटांच्या आसपास. आणि इथून वेड लागायला सुरुवात होते, कारण दोन गोळ्यांचे आकडे कधीच सारखे येत नाहीत. दहा फुटांचा फरक पडला तर शंभर यार्डांवर तो दिसतही नाही; हजार यार्डांवर गोळी अडीच-तीन इंच वरखाली होते. पाच इंचांच्या वर्तुळात अडीच इंच म्हणजे निम्मं घर गेलं. म्हणून दाणा मोजायचा. म्हणून पुंगळ्यांची वजनं करून त्यांची वर्गवारी लावायची. म्हणून प्रायमर एकाच पेटीतले वापरायचे.

या वेडाचे मूळपुरुष शोधत गेलो तर मला दोघे फार आवडले. पहिला डॉक्टर फ्रँकलिन मान, मॅसॅच्युसेट्समधल्या मिलफर्डचा. शिक्षणाने वैद्य, पैसा केला तो कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडं कातरायचं यंत्र काढून, आणि तो पैसा खर्च केला एका प्रश्नावर: तीच बंदूक, तीच दारू, तीच गोळी, तर मग दोन गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? माणसाचा थरथरता हात हिशेबातून काढायला त्याने काँक्रीटचा चौथरा बांधला आणि नळी त्याच्यावर टेकवली. वाऱ्याला बाजूला काढायला गोळीचा मार्ग आच्छादला. कित्येक वर्षं हे चाललं. १९०९ साली त्याचा ग्रंथ निघाला. त्यात एक गोष्ट आहे जी वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्याने गोळ्यांची नाकं मुद्दाम ठेचली, कापली, वेडीवाकडी केली. त्या बऱ्यापैकी नीटच गेल्या. मग नाक शाबूत ठेवून बुडाला जराशी इजा केली. त्या चहूकडे उधळल्या. जी बाजू पुढे असते, दिसते, जिची आपण काळजी घेतो, तिच्यावर फारसं अवलंबून नव्हतं. नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बसतो तो बुडाला, आणि तिथला असमतोल गोळी पुढे साऱ्या वाटभर वाहते. एवढं शोधूनही काही फरक उरलाच. त्याचं कारण त्याला सापडेना. त्या उरलेल्या फरकाला त्याने ‘एक्स’ची चूक म्हटलं आणि ती जशीच्या तशी ग्रंथात नोंदवली. आपल्याला न कळलेल्या गोष्टीला स्वतंत्र खातं उघडून देणारा हा माणूस मला मोठा वाटतो.

दुसरा हॅरी पोप. जर्सी सिटीतला नळ्या बनवणारा कारागीर. काम कधी होईल असं गिऱ्हाइकाने विचारलेलं त्याला खपत नसे. त्या काळचे निशाणबाज पेटीभर काडतुसं घेऊन मैदानात जातच नसत. एकच पुंगळी. ती झाडायची, काढायची, तिथेच नवा प्रायमर बसवायचा, दारू घालायची आणि पुन्हा तीच. पुंगळ्यांतला फरक मोजत बसण्यापेक्षा पुंगळी एकच ठेवली की फरकाचा प्रश्नच मिटला! १९०१ साली कोलोरॅडोच्या सी. डब्ल्यू. रोलंडने पोपच्या नळीतून २०० यार्डांवर दहा गोळ्या मारल्या. दहांची भोकं एकमेकांपासून पाऊण इंचाच्या आत. तेव्हा रडार नव्हतं, विजेचा काटा नव्हता, गोळी शिशाची होती. तो कागद नंतर कितीतरी दशकं लोक दाखल्याला काढत राहिले.

माझा एक मित्र ह्यूस्टनजवळ राहतो. सांगलीचा, तेलकंपनीत इंजिनिअर. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी बाहेर असते आणि आत ही सगळी हत्यारं. मी गेलो तेव्हा त्याने मला फ्रिजवर चुंबकाने लावलेला एक कागद दाखवला. त्यावर तीन भोकं, एकमेकांत मिसळून तिघांचं मिळून एक झालेली.

“हे बघ,” तो म्हणाला. “सापडलं.”

सापडलं म्हणजे दारूचं माप. रीत अशी: थोडं थोडं माप चढवत प्रत्येक मापाच्या तीन-तीन गोळ्या मारायच्या. काही मापांना भोकं विखुरतात, एखाद्या मापाला अचानक गोळा होतात. तिथे नळीच्या थरथरीचा आणि गोळीच्या सुटण्याचा मेळ बसतो, अशी समजूत. क्रेटन ऑडेट नावाच्या नेमबाजाने या कल्पनेला चढत्या शिडीचं रूप दिलं. एकाच खुणेवर, चढत्या मापाने, दूरच्या निशाणावर मारत जायचं आणि शिडीच्या कुठल्या पायऱ्या एकमेकींना चिकटतात ते पाहायचं. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ही शिडी चढून आपापलं माप शोधलं. मित्रानेही शोधलं होतं.

त्याची बायको ह्यूस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयात औषधचाचण्यांची आकडेवारी सांभाळते. ती चहा घेऊन आली, कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, “भावजी, याचं औषध तीन पेशंटवर पास झालंय. आमच्याकडे असा प्रस्ताव घेऊन आला असता तर दारातून परत पाठवला असता.”

तो हसला. पण ते त्याला लागलं. पुढच्या शनिवारी त्याच मापाच्या गोळ्या घेऊन तो गेला, आणि भोकं निम्म्या पंजाएवढी पसरली.

मला वाटतं या सगळ्या छंदाचं मर्म याच जागी आहे. दाणा मोजणं, मान नरम करणं, बूड तपासणं हे शिकता येतं. भोकांचा लहान गोळका पाहून त्यावर विश्वास न ठेवणं शिकता येत नाही, ते अंगाविरुद्ध करावं लागतं. पाच गोळ्यांच्या वेगावरून प्रमाण विचलन दहा फूट निघालं, तर गणित सांगतं की खरं विचलन सहाही असू शकेल आणि जवळजवळ एकोणतीसही. तीस गोळ्या मारल्या तर तीच शक्यता आठ ते साडेतेरा यांच्यात आवळली जाते. म्हणजे पाच गोळ्यांच्या जोरावर दोन मापांची तुलना करणारा माणूस बहुतेक वेळा योगायोगाशीच बोलत असतो. तीन गोळ्यांचं तर विचारूच नका. पुरेशी मापं करून पाहिली की एखादं चांगलं दिसणारच, त्यात मापाचं कर्तृत्व नसलं तरी. आणि माणूस वाईट गोळका आला की कारण शोधतो: वारा आला, खांदा हलला, ही गोळी धरायची नाही. चांगला आला की कारण शोधत नाही. तो फ्रिजवर लावतो.

मग तीस-तीस गोळ्या का मारत नाहीत? इथे या छंदाने स्वतःसाठीच खणलेला खड्डा आहे. दूर मारणाऱ्या बंदुकीची नळी दोन-तीन हजार गोळ्यांत झिजते, काही तर त्याच्या निम्म्यातच. दारूची ज्वाळा आट्यांचं तोंड खात जाते. प्रत्येक शंकेचं निरसन करायचं म्हटलं तर शंका संपायच्या आत नळी संपेल, आणि नवी नळी बसवली की सगळ्या शंका नव्याने. नळीला पूर्ण ओळखायचं तर ती खर्चावी लागते. म्हणून थोड्या गोळ्यांत मोठं सत्य सांगणाऱ्या शिड्यांची भुरळ पडते. गरज आहे म्हणून आपण विश्वास ठेवतो, पुरावा आहे म्हणून नाही. ही खोड काही बंदूकवाल्यांपुरती नाही. दोन-चार ओळखीच्या उदाहरणांवरून आपण शाळा निवडतो, डॉक्टर बदलतो, एखाद्या जिल्ह्याच्या माणसांचे स्वभाव ठरवतो. फरक एवढाच की आपल्या निष्कर्षांना कोणी हजार यार्डांवर नेऊन तपासत नाही.

तपासायचंच तर वारा नको, अशी इच्छा होणारच. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही नेमबाजांना ती जागा मिळाली: ह्यूस्टनचं एक अवाढव्य गोदाम. रात्री कामगार गेले की काँक्रीटच्या जमिनीवर टेबल मांडायचं आणि बंद हवेत मारायचं. १९९३ साली ‘प्रिसिजन शूटिंग’ मासिकात डेव्ह स्कॉटने त्याची हकीकत लिहिली आणि ती या लोकांची पोथी झाली. तिथे १०० यार्डांवर एका इंचाच्या चाळिसाव्या भागाएवढे गोळके निघाले. गोळीच्या जाडीचा जेमतेम दहावा हिस्सा. पाच गोळ्या मारल्या की एकच मारली, हे कागदावरून सांगता येऊ नये. मला यात गंमत वाटते ती ही की असे टेबलावरून मारणारे नेमबाज दारू तेव्हा वजनाने मोजतच नसत, मापट्यातून टाकत. दाण्यादाण्याचा हिशेब करणाऱ्यांना हे कोणी सांगितलं तर ते विषय बदलतात.

आणि गोदामातून बाहेर आलं की वारा असतोच. दूरच्या नेमबाजीत ज्या काडतुसाचा आज बोलबाला आहे त्याचीच गोळी घ्या. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला हजार यार्डांवर सुमारे सहा फूट बाजूला नेतो. गोळी दीड सेकंद हवेत असते, आणि त्या दीड सेकंदाच्या वाटेवर वारा ठिकठिकाणी निराळा. अंदाजात एका मैलाची चूक झाली की सात इंच गेले. दाणा मोजून वाचवलेले अडीच इंच एका झुळकेत वाहून जातात. चांगला बार वरखालीचा फरक कमी करतो. आडवा फरक वाचायचा असतो तो गवताच्या हलण्यात, झेंड्यात, दुर्बिणीतून दिसणाऱ्या तापल्या हवेच्या लाटांत. मैदानावरचे जुने लोक म्हणतात, आधी वारा शीक. पण वारा विकत मिळत नाही, काटा मिळतो. गॅरेजमध्ये बसून रात्री अकराला वाऱ्याचा सराव करता येत नाही.

आपल्याकडे हे सगळं दुसऱ्या दाराने येतं. लंडनजवळच्या बिस्लीच्या मैदानावर दरवर्षी कोल्हापूरच्या नावाने संघांची स्पर्धा होते. कोल्हापूरच्या राजांचा चषक १८७१ सालापासूनचा आहे, आणि इंग्रजांनी आपल्या कानाला ऐकू आलं तसं ‘कोलापोर’ म्हणून ते नाव जपलं आहे. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली. त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, रेल्वेत नोकरी करणारा स्वप्नील कुसळे २०२४ साली पॅरिसला ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन आला. त्यांची बंदूक पॉइंट टू-टूची. तिचं काडतूस घरी पुन्हा भरता येत नाही, कारण त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच ओतलेला असतो. मग या खेळातले नेमबाज काय करतात? निवडतात. कारखान्यात एकाच यंत्रातून, एकाच कृतीने निघालेल्या काडतुसांच्या खेपासुद्धा सारख्या नसतात, आणि कुठली खेप कुठल्या नळीला मानवेल हे कोणालाच आधी सांगता येत नाही. बर्मिंगहॅमच्या एलीसारख्या कारखान्यांत बंदुकीची नळी चिमट्यात पकडतात, एकामागून एक खेपा झाडून पाहतात आणि जी मानवली तिच्या पेट्या उचलतात. अमेरिकन माणूस जुळवत जातो, हे चाळत जातात. पन्नास मीटरांवरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाहूनही लहान, आणि त्यात कारणं सांगायला जागा नसते.

हे लिहिताना एक अवघडलेपण मनात आहेच. हे सारं कौशल्य शेवटी जीव घेणाऱ्या हत्याराभोवती रचलेलं आहे, आणि ज्या देशात ते सर्वाधिक फुललं तिथे शाळेतल्या मुलांना बंदुकीपासून लपायची कवायत शिकवतात. मित्राला मी हे विचारलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो प्रश्न या टेबलावर सुटत नाही. पण टेबलावर बसून तो नाहीच असं मी म्हणणार नाही.” त्याच्या बंदुका कुलपात असतात, किल्ली बायकोकडे. मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही. खोटंही वाटलं नाही.

त्याला परत येताना मी एक किस्सा सांगितला. १८७४च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमोरला आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला, आठशे, नऊशे आणि हजार यार्डांवर. आयरिश लोक तोंडातून भरायच्या रिग्बी बंदुका घेऊन आले होते, प्रत्येक बार स्वतः तोलून भरत होते. अमेरिकेकडे मागून भरायच्या नव्या बंदुका. शेवटच्या गोळीपर्यंत आयर्लंड एका गुणाने पुढे. जॉन बोडाइन शेवटची गोळी मारायला पडला तेव्हा त्याच्या हातात आल्याच्या सरबताची बाटली फुटून रक्त वाहत होतं. त्याने रुमाल गुंडाळला आणि चार गुणांचा मध्यबिंदू साधला. ९३४ विरुद्ध ९३१. पण सामना त्याआधीच गेला होता. मिल्नर नावाच्या आयरिश नेमबाजाने एक गोळी अगदी मध्यावर मारली होती, फक्त शेजारच्या निशाणाच्या मध्यावर. गुण शून्य. ते चार धरले असते तर आयर्लंडचे ९३५ होतात.

मित्र लक्ष देऊन ऐकत होता. गोष्ट संपल्यावर त्याने एकच विचारलं, “त्या दिवशी वारा किती होता रे?”